नगण्य गवत

अहवालातला एक शब्द भुजंगला कळला नाही, म्हणून त्याने बेबीनंदाला ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

"'सदर राखीव कुरणात गवताचे प्रमाण नगण्य असून क्षेत्र उघडे व पडीक आहे,'" तिने वाचलं. "नगण्य म्हणजे मोजायच्या लायकीचंसुद्धा न्हाई, मामा. नसल्यात जमा."

हिवरवाडीच्या शाळेच्या ओसरीवर तीस-चाळीस माणसं बसली होती. होळी होऊन चार दिवस झाले होते. गोदावरीच्या काठाला कोळशावर चालणारं वीजघर होणार, हे गाव दोन महिन्यांपासून ऐकत होतं. पण त्याची राख कुरणात येणार, सहाशे एकरांवर राखेच्या पाण्याचं तळं होणार, हे आज पहिल्यांदा कळत होतं. कोणाची हरकत असेल तर आठ दिवसांनी डेप्युटी कलेक्टर साहेब याच शाळेत ऐकून घेणार होते. बेबीनंदाने अंबडच्या कचेरीत दोन दिवस बसून अहवालाची नक्कल हाताने उतरवून आणली होती. वस्तीतली ती पहिली बी.एस्सी., वनस्पतिशास्त्र घेऊन झालेली. तिचं अक्षर बारीक आणि सरळ होतं, आणि त्या सरळ अक्षरात लिहिलेलं खोटं भुजंगला जास्तच झोंबलं.

तो उठून उभा राहिला. छातीवर जंगल खात्याचा पितळी बिल्ला होता.

"बारा वर्षं मी मंग काय राखलं? धोंडे?"

"धोंडेच राखले असतील," मागून एका बाईचा आवाज आला. "बहिणीला धरायला तेवढे पुरले."

दोघं-तिघं हसले. भुजंगने मागे वळून पाहिलं नाही. तो आवाज त्याच्या थोरल्या बहिणीचा, चांगुणाबाईचा होता, बेबीनंदाच्या आईचा. सहा वर्षांत ती त्याच्याशी बोलली ती अशी, दुसऱ्यांच्या अंगावरून.

कुरण राखीव झालं त्या साली भुजंगला तिथे रोजंदारीवर राखणदार म्हणून घेतलं. बौद्ध वस्तीतल्या माणसाच्या छातीवर सरकारी बिल्ला लागण्याची ती पहिली वेळ. चौथी शिकलेला माणूस, पण कुरण त्याने पाठ केलं. उताराला पवन्या गवत, खोलगट जागी मारवेल, मुरमाड टेकाडावर कुसळी. काळविटांचे दोन कळप. पावसाळ्यात माळढोक यायचे, एका साली त्याने सात मोजले होते. पात्याला विळा लागू द्यायचा नाही हा हुकूम, आणि भुजंग तो पाळायचा. कायदा सगळ्यांना बराबर, असं तो म्हणायचा.

बहात्तरच्या दुष्काळात चांगुणाबाईची गाय उठेना. एके दिवशी पहाटे ती विळा घेऊन कुरणात शिरली आणि एक भारा पवन्या कापून डोक्यावर घेतला. भुजंगने तिला ओढ्याच्या वाटेवर धरलं. सोडलं असतं तर कोणी पाहिलं नसतं. पण बिल्लेवाला आपल्याच माणसांना सोडतो, असं गावाने म्हणू नये म्हणून त्याने तिला भाऱ्यासकट वनपालापुढे उभं केलं. वनपालाला सगळे राऊंडसाहेब म्हणत. तिने शेळी विकून दंड भरला. गाय आठ दिवसांनी मेली. तेव्हापासून चांगुणाबाईने भावाच्या घरचं पाणी घेतलेलं नव्हतं.

आणि आता कागद सांगत होता, की तिथे गवत नव्हतंच.

"मामा," डिसेंबर-जानेवारीत गावात नसलेली बेबीनंदा म्हणाली, "पाहणीची तारीख इथं चार जानेवारी लिहिलीय. जानेवारीत पवन्या वाळून उभा असतो, कमरेइतका. तो यांना दिसला कसा न्हाई?"

माणसं एकमेकांकडे न पाहता जमिनीकडे पाहू लागली.

"कारण तो आम्ही कापला," तो म्हणाला.

डिसेंबरात राऊंडसाहेब सांगून गेले होते, मुंबईचे साहेब कुरण पाहायला येणार आहेत, तंबू पडणार आहे, साप-विंचवाचं भ्या नको, मैदान साफ दिसलं पाहिजे. भुजंगला वाटलं, कुरणाचं अभयारण्य करायला येत असतील. त्याने गावात दवंडी दिली. बारा वर्षांत पहिल्यांदा विळा चालवायची परवानगी मिळाली म्हणून माणसं लग्नाला यावीत तशी आली. तीन दिवस कापणी चालली. गवत ट्रकने गेलं, कुठे ते कोणी विचारलं नाही. उरलेले खुंट भुजंगने स्वतः जाळले. बायांनी तंबूपुढची जागा झाडली, सडा घातला, रांगोळी काढली. पाहुणा येणार म्हटल्यावर अंगण साफ करायचं, एवढंच हिवरवाडीला ठाऊक होतं. साहेब आले, चहा प्याले, साफ अंगण पाहिलं आणि लिहून गेले, गवत नाही.

"म्हंजी आपणच आपल्या हातानं," कोणीतरी म्हणालं आणि वाक्य तिथेच सोडलं.

"मी न्हवते," चांगुणाबाई म्हणाली. "मला त्या रानात मनाई हाय."

सरपंच काकासाहेब इतका वेळ खुर्चीवर बसून ऐकत होते. त्यांची ऐंशी एकर जमीन नदीला लागून होती आणि राखेच्या तळ्याचं पाणी नदीत सोडणाऱ्या नळाचं तोंड त्यांच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर येणार होतं. "जे झालं ते झालं," ते म्हणाले. "भुजंगा, तुझ्या राऊंडसाहेबाकडं गुन्ह्याची वही हाय ना? दरसाल किती गवत धरलं, त्याची नोंद? ती आण. गवत नव्हतं तर गुन्हे कशाचे, असं इचारू आपण."

भुजंगने त्यांच्याकडे पाहिलं. वहीत काय आहे हे त्याला माहीत होतं, आणि काय नाही हेही. काकासाहेबांनाही दोन्ही माहीत होतं. "आणतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो सायकलवर वडीगोद्रीला गेला. राऊंडसाहेब हॉटेलच्या बाकावर बसून भजी खात होते.

"जयभीम साहेब. गुन्ह्याची वही पाहिजे होती. एक दिवस."

"कशाला?"

"सुनावणीत दाखवायला. गवत होतं म्हणून."

राऊंडसाहेबांनी हात कागदाला पुसले. "भुजंग, वही सरकारी आहे. तू पण सरकारी आहेस. सरकारने सरकारविरुद्ध साक्ष द्यायची असते का?"

"खोटं लिवलंय साहेब. तुमच्या सांगण्यावरून कापलं आम्ही."

"मी साफ करा म्हणालो. मुळासकट जाळा म्हणालो का?" त्यांनी आवाज चढवला नाही. "तुला कायम करायचा कागद मीच वर पाठवलाय. बारा वर्षांचा रोजंदारीवाला आहेस. एक महिना गप्प बसायला तुझं काय जातं?"

वडीगोद्रीहून येताना भुजंग एवढ्या जोरात पायडल मारत होता की दोनदा चेन उतरली. दुसऱ्यांदा ती चढवताना बोट चिमटलं, आणि काळ्या तेलात रक्त मिसळलेलं पाहून त्याला वेदनेपेक्षा संताप आला. राऊंडसाहेबांचा आला, कापणाऱ्या गावाचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या माणसाचा आला, ज्याने काडी ओढून खुंटांना लावली होती. कायम होण्याचा कागद. बारा वर्षं त्याने त्या कागदाची वाट पाहिली होती. आता तो कायम झाला असता, आणि राखायला राखेचं पाणी उरलं असतं.

घरी न जाता तो थेट बहिणीच्या दाराशी गेला. चांगुणाबाई तुरीचं भुसकट पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"अक्का," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "तुझ्याकडं दंडाची पावती हाय का? बहात्तरची?"

"बेबे," चांगुणाबाई आतल्या लेकीला म्हणाली, "दारात कोण जंगलवाले आलेत. माझ्याकडं गवत न्हाई म्हणावं. झडती घ्या."

"पावतीवर गवताचं नाव लिवलेलं असतं. किती, कोणतं, कुठलं. सही-शिक्क्यासकट."

सूप थांबलं. "तवा मी पाया पडले होते तुझ्या. थोरली असून. ध्यानात हाय?"

"हाय."

"काय म्हणला होतास?"



"कायदा सगळ्यांना बराबर, म्हणलो होतो."

"आन् त्याच महिन्यात काकासाहेबाच्या गाड्या गेल्या कुरणातून. मी पाहिल्या. माझी गाय दारात मरून राह्यली होती आन् माझ्या दारावरून गवताच्या गाड्या गेल्या. कुठं होता तुझा कायदा?"

"बाभळीमागं," भुजंग म्हणाला. "मी बी पाहिल्या. बाभळीमागं उभा होतो."

हे त्याने कधी कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. चांगुणाबाईने त्याच्याकडे पहिल्यांदा सरळ पाहिलं. त्या नजरेत दया नव्हती.

"जा," ती म्हणाली. "पावती मी कवाच चुलीत घातली."

सुनावणीच्या दिवशी शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. डेप्युटी कलेक्टर साहेब वयाने तरुण, बोलायला मऊ. शेजारी राऊंडसाहेब, पुढे लिहिणारा कारकून. सगळे आधी शेतीबद्दल बोलले, मग पाण्याबद्दल. काकासाहेब चांगलं बोलले. साहेब मान हलवत राहिले आणि कारकून लिहीत राहिला. मग बेबीनंदा उभी राहिली आणि तिने गवतांची सतरा नावं घेतली, काळविटांची संख्या सांगितली, माळढोकाला अंडी घालायला कोणती जमीन लागते ते सांगितलं.

"तुमचा अभ्यास चांगला आहे," साहेब म्हणाले. "पण हे पाहा." त्यांनी एक फोटो उचलून सगळ्यांना दिसेल असा धरला. झाडून पांढरी झालेली, उघडी जमीन. तंबू. तंबूपुढे रांगोळी. आणि बाजूला छाती काढून उभा असलेला, बिल्लेवाला भुजंग. "यात मला एक काडी दिसत नाही."

फोटो काढताना आपण टोपी सरळ केल्याचं भुजंगला आठवलं.

"साहेब, गवत हाय," तो उठून म्हणाला. "मी तिथला राखणदार. फोटोच्या आदल्या आठवड्यात आम्हीच कापलं. पाहुण्यासाठी."

मांडवात कोणीतरी खाकरलं. साहेबांनी राऊंडसाहेबांकडे पाहिलं. "गवताच्या चोरीची काही नोंद आहे?"

"एक वही होती, साहेब. वाळवी लागली."

"पुरावा नसेल तर मी काय लिहू?" साहेब म्हणाले, आणि ते खरंच विचारत असावेत असं वाटलं.

तेवढ्यात बायांच्या बाजूने चांगुणाबाई उठली. पदर डोक्यावर घट्ट ओढला आणि टेबलापर्यंत चालत गेली.

"लिवा," ती म्हणाली. "मी चोर हाय."

"काय?"

"चांगुणाबाई सदाशिव, राहणार हिवरवाडी. मी कुरणातलं गवत चोरलं. पवन्या, एक भारा. ह्या माझ्या भावानं मला धरलं. ह्यानं," तिने राऊंडसाहेबांकडे बोट केलं, "दंड केला. ही पावती." कमरेच्या पिशवीतून तिने घडीघडीने पिवळा झालेला कागद काढला. चुलीत गेलेला नव्हता तर. "ह्या रानात गवतच न्हाई, तर मला चोर कशापायी केलं? माझी शेळी परत द्या."

साहेबांनी पावती वाचली. मग पुन्हा वाचली. राऊंडसाहेब मांडवाच्या खांबाकडे पाहू लागले.

मागून चतुराबाई उठली. "मी बी. दोन भारे, त्र्याहत्तर साली." मग तातेराव, लंगडत. "माझा विळा जप्त केला होता साहेब, अजून दिला न्हाई. लाकडी मुठीचा. दिसला तर सांगा." लोक हसले आणि हसता हसता उठू लागले. कोणी मारवेल चोरला होता, कोणी शेळ्या घातल्या होत्या. सहा वर्षं जे लपवलं ते आता पुढे येऊन, नाव-गाव सांगून, लिहून घ्या म्हणत होते. एक म्हातारा तर कधी कुरणात गेलाच नव्हता, तोही रांगेत उभा राहिला. कारकुनाने तेवीस नावं लिहिली.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुमची भावना समजली. पण पावती एकच आहे, आणि हे सगळे एकेक, दोन-दोन भारे. एवढं गवत बांधावर, ओढ्याकाठीही निघतं. सहाशे एकरांत तेवीस जणांचे भारे म्हणजे..." त्यांनी शब्द शोधला. "म्हणजे नगण्यच झालं."

तोच शब्द. भुजंगला वाटलं, आता कोणीतरी आपल्या तोंडावर थुंकलं. त्याने मांडवात पाहिलं. काकासाहेब पहिल्या रांगेत, पंच्याचं टोक बोटाभोवती गुंडाळत बसले होते. बहीण अजून टेबलाशी उभी होती आणि त्याच्याचकडे पाहत होती.

"नुसते भारे न्हाई साहेब," भुजंग म्हणाला. "गाड्या. बैलगाड्या. बहात्तर साली काकासाहेबांच्या चार गाड्या भरून गेल्या, एका दिवसात. मी पाहिल्या. धरल्या न्हाई. मी बाभळीमागं लपलो, कारण ते काकासाहेब होते. गरिबाचे भारे धरले आन् गाड्या सोडल्या. हे बी लिवा. माझ्या नावासकट लिवा."

कोणी हसलं नाही. काकासाहेबांचा पंचा थांबला. त्यांच्या गड्याने उठून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, त्याला त्यांनी हाताने बसवलं.

"सरपंच," साहेब म्हणाले, "हे खरं आहे?"

काकासाहेबांनी भुजंगकडे पाहिलं. गावात त्यांच्याकडे बोट करून असं कोणी कधी बोललं नव्हतं, आणि वस्तीतला माणूस तर नाहीच. नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं तर अब्रू राहिली असती आणि विहीर गेली असती. त्यांनी पंच्याचं टोक बोटावरून सोडवलं.

"खोटं हाय," ते शेवटी म्हणाले. "चार न्हाईत. नऊ होत्या. हा पाच गाड्या गेल्यावर आला असंल. आन् एका साली न्हाई. दरसाल." त्यांनी दात आवळून पुढचं म्हटलं. "एका एकरात दीड गाडी पवन्या निघतो त्या कुरणात. माझ्या बैलांना इचारा."

कारकून साहेबांकडे पाहत राहिला. साहेबांनी फोटो उलटा ठेवला आणि पेन उचललं. त्यांनी स्वतः लिहिलं, आणि लिहिलेलं मोठ्याने वाचलं. पाहणीच्या वेळी गवत कापून जाळलेलं होतं अशी हरकत आली आहे, सरपंचासह चोवीस जणांनी गवतचोरी कबूल केली आहे, तरी पावसाळ्यानंतर फेरपाहणी झाल्याशिवाय राखेच्या तळ्याचा निर्णय घेऊ नये. वीजघराबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही. ते होणार की नाही, हे त्या मांडवात कोणालाच माहीत नव्हतं.

साहेबांची जीप गेली. राऊंडसाहेब मागे थांबले. ते भुजंगजवळ आले आणि हात पुढे केला. भुजंगला वाटलं, हात मिळवायचाय. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने छातीवरचा बिल्ला काढून त्या हातावर ठेवला. सदऱ्यावर तेवढाच गोल भाग रंग न उडालेला, गडद दिसत होता.

काकासाहेब त्याच्या शेजारून गेले. "गावात राहायचंय तुला, भुजंगा," एवढंच म्हणाले. धमकी होती की नुसती आठवण, हे त्यांच्या तोंडावरून कळलं नाही. भुजंगला भीती वाटायला हवी होती. त्याला फक्त राग येत होता, आणि तो राग इतक्या वर्षांनी पहिल्यांदा योग्य माणसाकडे गेल्यामुळे बरं वाटत होतं.

पटांगण रिकामं होत आलं. चांगुणाबाई पावतीची घडी पुन्हा पिशवीत घालत होती.

"चुलीत घातली म्हणलीस," भुजंग म्हणाला.

"चुलीत घालायला मी काय तू हाय, दिसेल ते जाळायला?" ती चालू लागली, मग थांबली. "आता कुरण कोण राखणार? नवा माणूस आणतील?"

"आणतील तवा आणतील. पावसाळा होईस्तोवर विळा लागता कामा न्हाई. मी राखीन."

"बिगर पगारी?"

"बिगर पगारी."

"आन् मी भारा कापायला आले तर?"

भुजंगने विचार केला. घाईघाईने हो किंवा नाही म्हणायचं नव्हतं. "धरीन," तो म्हणाला.

चांगुणाबाईने त्याच्याकडे आपादमस्तक पाहिलं.

"धर," ती म्हणाली. "पण पहिल्या नऊ गाड्या धर. मंग माझ्याकडं ये."